नाकारलेल्यांची नोंद

गेल्या पावसाळ्यात माझ्यावर एक नसते काम येऊन पडले. मला नियम लिहावे लागले. आयुष्यभर मी दुसऱ्यांनी केलेले नियम मुलांना वाचून दाखवले. पण स्वतः नियम करण्याचा प्रसंग निवृत्तीनंतर यावा, आणि तोही ज्या विषयातले मला ओ की ठो कळत नाही त्या विषयात यावा, ही गंमतच म्हणायची.

झाले असे की, खराडी-हिंजवडीकडे संगणकाच्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या माझ्या काही जुन्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी पाबळला दोन दिवसांचा एक मेळावा भरवायचे ठरवले. असल्या मेळाव्याला ते कॉन्फरन्स म्हणतात. कॉन्फरन्स म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गार हवेची दालने आणि गळ्यात टाय बांधलेली माणसे येतात. यांचा प्रकार निराळा. हे लोक मुक्त सॉफ्टवेअरवाले. आपण लिहिलेली आज्ञावली कुलूपबंद ठेवायची नाही, कुणीही ती वाचावी, वापरावी, सुधारावी आणि सुधारलेली पुन्हा सर्वांस द्यावी, असा त्यांचा संप्रदाय आहे. लोणच्याची कृती शेजारणीला मोकळेपणी सांगावी आणि पुढल्या वर्षी तिने घातलेली मेथी आपणही घालून पाहावी, तसे. त्यामुळे त्यांच्या मेळाव्याला मालक नसतो. वर्गणी काढायची, सतरंज्या स्वतः घालायच्या, पंगतीला स्वतः वाढायचे. हरिनाम सप्ताह आणि हा मेळावा यांत व्यवस्थेपुरता तरी मला काही फरक दिसला नाही.

असा मेळावा पाबळला का, असे एखादा पुणेकर विचारील. पुणेकरांना पाबळ ठाऊक असते ते मस्तानीमुळे. पुण्याच्या मर्यादेत जिला जागा झाली नाही ती १७४० साली बाजीरावांच्या पाठोपाठ इथे मातीआड झाली, आणि आमच्यापैकी कुणी तिच्या त्या स्थानाला समाधी म्हणतो, कुणी कबर. पण पाबळची दुसरीही एक ओळख आहे. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग हे मुंबईची शास्त्रज्ञाची मोठी नोकरी सोडून या कोरडवाहू गावात आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम काढला. शाळेत नापास झालेले पोर हाताने काम करता करता विज्ञान शिकू शकते, एवढेच त्यांना दाखवायचे होते. पुढे २००२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेची फॅब लॅब ही कल्पना तिच्या आवाराबाहेर पहिल्याप्रथम जिथे रुजली त्या ठिकाणांत पाबळचे नाव घेतात. कुणालाही येऊन वस्तू बनवता यावी अशी ती कर्मशाळा. आज जगभर अशा कर्मशाळा आहेत आणि त्यांची एक समाईक सनद आहे. शोधाचे हक्क राखायचे तर राखा, पण इतरांना त्यातून शिकता आले पाहिजे. धंदा सुरू करायचा तर करा, पण त्यापायी दुसऱ्याचे दार बंद होता कामा नये, असे त्या सनदेत सांगितले आहे. तेव्हा मुक्त सॉफ्टवेअरवाले पाबळला येतात यात नवल नाही. पुण्यात तर २०११ साली पायकॉन इंडिया ही पायथन भाषेच्या कार्यकर्त्यांची देशव्यापी परिषदच भरली होती.

मला समितीत घेतले ते मराठीसाठी. व्याख्यानांत काय चालेल आणि काय चालणार नाही, याचे नियम त्यांना मराठीत हवे होते. ‘सर, इंग्रजीतले तयार मसुदे आहेत, पण वाचून कुणालाच आपले वाटत नाहीत,’ असे माझा एक जुना विद्यार्थी म्हणाला. तो शाळेत असताना निबंधाला कधी पाचाच्या वर गुण मिळवू शकला नव्हता. पण हे वाक्य त्याने चांगले बोलले.

नियम कशाला हवेत, असे मी प्रथम विचारले. चार शहाणी माणसे जमणार, त्यांना काय बोलावे हे का सांगायचे? तेव्हा समितीतल्या एका बाईंनी (त्या पुण्यात इंजिनियर आहेत) मला काही हकिकती सांगितल्या. २००९ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गोल्डन गेट रुबी कॉन्फरन्स नावाची परिषद भरली होती. तीत एका वक्त्याने माहिती साठवण्याच्या एका पद्धतीवर व्याख्यान दिले आणि ते रंजक व्हावे म्हणून पडद्यावर जागोजाग अश्लील चित्रे टाकली. विषय माहिती साठवण्याचा! दालनात बायका अगदी थोड्या. पुरुष हसले. त्या बायकांनी काय करायचे होते? उठून जावे तर सगळ्यांच्या डोळ्यांवर येते, बसून राहावे तर तेही कठीण. त्यावरून पुढे पुष्कळ वाद माजला, आणि पुढल्या दोन-तीन वर्षांत अशा परिषदांनी आचारसंहिता लिहायला सुरुवात केली. ती लिहून सगळे सुरळीत झाले असेही नाही. २०१३ साली अमेरिकेतल्या पायकॉनमध्ये श्रोत्यांत बसलेल्या दोघांनी आपसांत एक द्व्यर्थी विनोद केला. पुढे बसलेल्या एका बाईंनी त्यांचे छायाचित्र काढून ते जगजाहीर केले. त्यांतल्या एकाची नोकरी गेली; मग बाईंवर शिव्यांचा आणि धमक्यांचा पाऊस पडला आणि त्यांचीही नोकरी गेली. विनोद फुसका, पण दोन घरांची मिळकत त्याने खाल्ली.

हे ऐकून मला आमचे गावचे कीर्तन आठवले. अशा वेळी बायकांवर केलेले विनोद मी अनेकदा ऐकले आहेत. सुनेवर, तिच्या मोबाइलवर, तिच्या पोशाखावर. मंडप हसतो. बायकांची बाजूही हसते. पण ते हसू पदरामागचे असते, आणि त्याचा अर्थ मी कधी कुणाला विचारला नाही. मीही हसलेलो आहे. तेव्हा पहिला नियम मी ताबडतोब लिहून टाकला: श्रोत्यांपैकी कुणाची जात, धर्म, स्त्रीपुरुषपण, रंग, व्यंग किंवा बोली यांवरून हशा मिळवू नये. ‘बोली’ हा शब्द माझा. त्याबद्दल बाईंनी मला शाबासकी दिली. दुसरा नियम, व्यासपीठावरून माल विकू नये. प्रायोजकाचे नाव फलकावर येईल, पण व्याख्यान म्हणून जाहिरात चालणार नाही. हा तर सर्वांना पटण्यासारखाच होता. तिसरा, दुसऱ्याचे काम स्वतःचे म्हणून सांगू नये.

आणि चौथा. या चौथ्या नियमावर मी एक संध्याकाळ खर्च केली आणि तो मला इतका साधला की झोपण्यापूर्वी मी तो मोठ्याने वाचूनही पाहिला: ‘व्याख्यान विषयाला धरून असावे, राजकीय, सामाजिक वा धार्मिक वादाचे प्रश्न व्यासपीठावर आणू नयेत.’ सप्ताहाला येणाऱ्या बुवांनाही आमची मंडळी हेच सांगतात: ‘महाराज, काय बोलायचे ते बोला, तेवढी पंचायतीची निवडणूक काढू नका.’ गाव एका मंडपात सात दिवस बसायचे तर एवढे पथ्य लागतेच. नियम एकमताने पास झाला.

व्याख्यानांसाठी तीसेक टिपणे आली. ती चाळून कोणती नियमांत बसतात ते पाहण्याचे काम माझ्याकडे होते, कारण नियम माझे होते. त्यांत आमच्याच भागातल्या एका वाडीवरच्या मुलीचे टिपण होते. कॉलेजात संगणक शिकते. शीर्षक होते ‘आजीचा अंगठा’. मी पहिल्या चार ओळी वाचल्या. रेशन दुकान, पॉस मशीन, म्हाताऱ्या माणसांना परत पाठवतात — एवढे वाचले आणि माझा निर्णय झाला. सरकारी धोरणावरची तक्रार, नियम चौथा. मी तिला गोड शब्दांत कळवले की विषय महत्त्वाचा आहे, परंतु मेळाव्याच्या कक्षेत बसत नाही. तिचे उत्तर दोन शब्दांचे आले: ‘बरं, सर.’

या ‘बरं, सर’ची मला काही टोचणी लागली, असे लिहायला मला आवडले असते. पण तसे झाले नाही. मी पुढचे टिपण उघडले.

दहा-बारा दिवसांनी समितीच्या बैठकीत त्या इंजिनियर बाईंनी सहज विचारले, ‘सर, नाकारलेली किती आणि कोणत्या कारणाने? यादी आहे?’ यादी नव्हती. घेतलेल्यांची यादी होती, तिच्या तीन प्रती होत्या, एक भिंतीवर लावली होती. नाकारलेल्यांची यादी करायची असते हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. घरी येऊन मी सात नाकारलेली टिपणे पुन्हा काढली आणि ‘आजीचा अंगठा’ या वेळी शेवटपर्यंत वाचला.

त्यात जे होते ते माझ्या शब्दांत सांगतो. रेशनच्या मशीनवर आपण अंगठा ठेवतो तेव्हा आपल्याला वाटते की मशीन आपल्याला ओळखते किंवा ओळखत नाही. तसे ते नसते. त्या ठशातल्या रेषा कुठे संपतात, कुठे फुटतात, याची टिपणी होते, ती आधी नोंदवलेल्या टिपणीशी ताडून पाहतात, आणि उत्तर येते ते ‘हो’ किंवा ‘नाही’ असे नव्हे, तर किती जुळले याचा एक आकडा. मग कुणीतरी ठरवलेले असते की अमुक आकड्याच्या वर असेल तर माणूस खरा. ही जी रेघ, ती वर नेली की तोतये गळतात. पण कांदाकाढणी, खुरपणी, दगडमाती यांत ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत अशी खरी माणसेही गळतात. रेघ खाली आणली की खरी माणसे आत येतात, आणि त्यांच्याबरोबर एखादा तोतयाही येतो. दोन्ही चुका एकदम शून्य करणारी रेघ नाही. ती कुठे ओढायची हे गणित सांगत नाही. कोणती चूक आपल्याला जास्त सोसवते, ते माणसाने आधी ठरवायचे असते.

इथवरचे कुणी शिकलेला माणूस मला सांगू शकला असता. पुढचे मात्र त्या मुलीचे स्वतःचे होते. ती लिहिते, तोतया आत आला तर धान्य कमी पडते. कमी पडले की ओरड होते, चौकशी होते, कागद होतो. खरी म्हातारी परत गेली तर काहीच कमी पडत नाही. दुकानाच्या हिशेबात उलट धान्य उरते. घरात दुसरे माणूस असेल तर त्याचा अंगठा चालतो. पण घरात ती एकटीच असेल तर ती पुढच्या आठवड्यात पुन्हा येते, किंवा येत नाही. म्हणून तिने वाडीपुरती एक साधी आज्ञावली लिहिली होती. कोणत्या दिवशी कुणाचा अंगठा कितव्या खेपेला लागला, कुणाचा लागलाच नाही, कुणाला किती वेळा परत जावे लागले, याची नोंद ठेवणारी. हेच तिला मेळाव्यात दाखवायचे होते. सबंध मेळाव्यात याहून विषयाला धरून असलेले टिपण दुसरे नव्हते.

आणि मी काय केले होते? मीही एक रेघ ओढली होती आणि एक अंगठा परत पाठवला होता. वाईट व्याख्यान चुकून आत आले असते तर दोनशे लोकांनी ते ऐकले असते आणि मला नावे ठेवली असती. चांगले व्याख्यान बाहेर राहिले ते कुणालाच दिसले नाही. कार्यक्रमपत्रिकेत भोक पडत नाही. तिथे दुसरे कुणीतरी येऊन बसते.

आता कुणी म्हणेल, गुरुजी, तुम्ही आळसाने टिपण वाचले नाही, त्यात नियमाचा काय दोष? हा आक्षेप मी स्वतःलाही घेऊन पाहिला. आळस होताच, तो कबूल. पण पहिल्या तीन नियमांच्या बाबतीत मला असा आळस करता आला नसता. हशा कुणाच्या जिवावर मिळवला, माल विकला का, काम चोरले का, हे ठरवायला टिपण वाचावेच लागते. वक्ता श्रोत्याला काय करतो हे ते नियम पाहतात. चौथा नियम तसा नव्हता. विषय कुठे संपतो, हे तो आधीच ठरवून बसला होता. आणि माझ्यापुरता विषय तिथे संपत होता जिथे मला अवघडल्यासारखे होई.

‘विषयाला धरून’ हे शब्द आपल्याकडे पूर्वी फार मोठ्या माणसांनी वापरलेले आहेत, आणि वाईट हेतूने मुळीच नव्हे. १८८६ साली कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये अध्यक्षपदावरून दादाभाई नौरोजींनी सांगितले की, सबंध राष्ट्राचा ज्यांत थेट संबंध आहे असेच प्रश्न काँग्रेसने घ्यावेत. सामाजिक सुधारणेचे प्रश्न ज्या त्या समाजाने आपापल्या सभांत सोडवावेत. यात गैर काय आहे? निरनिराळ्या जातींची, धर्मांची, प्रांतांची माणसे पहिल्यानेच एका मंडपात बसत होती. पुढच्याच वर्षी, १८८७ साली, रानडे आणि त्यांचे स्नेही यांनी सामाजिक परिषद सुरू केली. काँग्रेस आटोपली की त्याच मंडपात ती भरे. आठ वर्षे हे चालले. मग १८९५ च्या डिसेंबरात काँग्रेस पुण्यास आली, सुरेंद्रनाथ बॅनर्जी अध्यक्ष. आणि पुण्यात वाद पेटला की काँग्रेसचा मंडप सामाजिक परिषदेस द्यावा की नाही. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की मंडप सगळ्या पक्षांच्या वर्गणीचा. ज्याला विधवाविवाह नको आहे त्याचेही पैसे त्यात आहेत. मग त्याच्या पैशाच्या छायेत त्यालाच न पटणारे भाषण का व्हावे? टिळक या बाजूचे होते. मंडप जाळू, अशीही भाषा झाली, असे सांगतात. अखेर रानड्यांनी भांडण मिटवले. परिषद काँग्रेसच्या मंडपात न भरवता त्यांनी ती फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात भरवली.

शाळेत हा धडा शिकवताना मी नेहमी रानड्यांच्या समजूतदारपणावर थांबत असे. आता वाटते, त्या वर्गणीच्या युक्तिवादावर थांबायला हवे होते. तो युक्तिवाद पोकळ नाही. समाईक मंडपात कुणी काय बोलावे यावर वर्गणीदाराचा हक्क असतोच. सतरंजी मीही घातली आहे. पण मंडपात भाषण झाले तर ज्याला ते नको त्याला तासभर कंटाळा येणार होता, फार तर संताप येणार होता. नाही झाले तर ज्यांच्याविषयी ते भाषण होते त्या बालविधवांच्या हिशेबात काय लागणार होते? त्यांची वर्गणी मंडपात नव्हती, म्हणून त्यांचा आकडाच कुठे नव्हता.

त्याच्याही दहा वर्षे आधी, १८८५ साली, मराठी ग्रंथकारांची दुसरी सभा भरायची होती. रानड्यांनी जोतीराव फुल्यांना बोलावले. जोतीरावांनी पत्र लिहून येण्याचे नाकारले. त्यांच्या पत्राचा मथितार्थ असा की, जे लोक माणसांचे मानवी हक्क प्रत्यक्ष व्यवहारात मान्य करत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही. त्या सभेने जोतीरावांना दाराबाहेर ठेवले नव्हते, उलट आदराने बोलावले होते. तरीही आपले दुःख त्या मंडपाच्या विषयात बसणार नाही हे त्यांनी दुरूनच ओळखले. जोतीराव होते म्हणून पत्र लिहिले, आणि पत्र लिहिले म्हणून ते आपल्याला आज वाचायला मिळते. ‘बरं, सर’ एवढेच लिहून जे गप्प बसले त्यांचे काय आपल्या हाती आहे?

पावसात स्कूटर काढून मी त्या मुलीच्या वाडीवर गेलो. माफी मागायची होती, पण गुरुजीपणाची सवय अशी वाईट की मी आधी तिच्या टिपणातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या. मग मूळ मुद्द्यावर आलो. ती म्हणाली, ‘तुम्ही नाही म्हणालात, म्हणजे नसेलच बसत, असं वाटलं.’ आजी चुलीपाशी होती. मी तिला अंगठ्याविषयी विचारले. ती हात पुढे करून म्हणाली, ‘माझ्याच बोटांत काही राह्यलं न्हाई, मास्तर. त्या मशिनीचा काय दोष?’ दोघींचे उत्तर एकच होते. मी चहा घेतला आणि परत आलो.

चौथा नियम समितीने काढून टाकला. त्याच्या जागी काय घालावे यावर बरेच भांडण झाले. एकाला भीती होती की उद्या पक्षाची माणसे येऊन भाषणे ठोकतील. मी म्हटले, ती विकायलाच येतील, त्यांना दुसरा नियम लावा. हे सर्वांना पटले नाही, मलाही पूर्ण पटलेले नाही. पण एक वही घातली. नाकारलेले प्रत्येक टिपण तीत लिहायचे, कारण लिहायचे, आणि ज्याला नाकारले त्याला ते कारण पाहू द्यायचे. पहिली नोंद माझ्या हातची आहे. कारणाच्या रकान्यात मी लिहिले आहे: ‘वाचले नाही.’

एक गाठ मात्र सुटली नाही, आणि ती लपवून ठेवणे बरे नव्हे. बाईंनी मला कोलोरॅडोतल्या लँब्डाकॉन्फ नावाच्या परिषदेची हकिकत सांगितली. २०१६ साली त्यांनी टिपणे निवडली ती नावे झाकून. निवड झाल्यावर कळले की वक्त्यांपैकी एकाने पूर्वी टोपणनावाने असे लेखन केले होते की त्यात काही वंशांची माणसे गुलामीस अधिक योग्य असल्याचा सूर पुष्कळांना दिसला. त्याचे म्हणणे, तसा माझा अर्थ नव्हता. व्याख्यान मात्र निव्वळ तांत्रिक. काही वक्त्यांनी येण्यास नकार दिला, प्रायोजक मागे सरले. चालकांनी त्याला ठेवले. बाईंचे मत, ठेवायला नको होते: ज्यांच्याविषयी ते लिहिले गेले त्यांनी त्याच्यासमोर सतरंजीवर कसे बसावे? माझा विद्यार्थी म्हणाला, पण मग सर, घरात चहाचा कप वेगळा ठेवणारा माणूस आपल्याकडे वेल्डिंगवर बोलायला आला तर? मी म्हटले, अरे, हा निकष लावला तर आमच्या पिढीचा एकही वक्ता उरायचा नाही. सगळे हसले. मीही हसलो, आणि मग लक्षात आले की तो हसला नव्हता. त्याच्या लहानपणी या गावात त्याच्यासाठी कप कुठे ठेवलेला असे ते मला माहीत होते. आम्ही त्या दिवशी तो प्रश्न तिथेच ठेवला. आजही तिथेच आहे. माझा कल बाईंच्या बाजूला आहे. पण नियमाच्या भाषेत तो लिहायला बसलो की दर वेळी माझ्या रेघेच्या आत कुणी भलताच येतो आणि बाहेर कुणी भलताच राहतो.

मेळावा एका शाळेच्या सभागृहात झाला. ‘आजीचा अंगठा’ दुसऱ्या दिवशी चार वाजता होता, म्हणजे जेवणानंतरच्या पेंगेची वेळ संपल्यावर. मुलीने रेशनचे मशीन नव्हे, पण तसलेच ठसे घेणारे एक छोटे यंत्र कुणाकडून तरी उसने आणले होते. आदल्या दिवशी आजीचा ठसा त्यात नोंदवून घेतला होता. पडद्यावर तो आकडा मोठा दिसत होता, आणि त्याच्या शेजारी ती रेघ. आजी नवे लुगडे नेसून पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली होती. सतरंजीवर बसायला गुडघे देत नाहीत. मुलीने तिला वर बोलावले. तिने अंगठा पदराला पुसला आणि ठेवला. आकडा रेघेच्या खाली. पुन्हा ठेवला, पुन्हा खाली. मुलगी काही न बोलता प्रत्येक खेप वहीत टिपत होती, आणि ती टिपताना पडद्यावरही उमटत होती. तिसरी, चौथी, पाचवी. सभागृहात पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. सहाव्या खेपेला हिरवा दिवा लागला आणि पुढच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

आजीने त्या टाळ्या संपू दिल्या. मग यंत्राकडे नाही, आम्हा समितीवाल्यांच्या रांगेकडे पाहून म्हणाली, ‘लागला बघा. मग आता काय देताय?’